यात्रा, उरूस, मिरवणुकीवर बंदोबस्ताचा ड्रोन: कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

आधी ड्रोन भाड्याने ठरवायचा, मग परवानगीची धावपळ करायची, आणि नेमकं काय बघायचं ते पायलटने वर गेल्यावर ठरवायचं. बहुतेक विश्वस्त मंडळं आणि यात्रा समित्या याच उलट्या क्रमाने जातात. मग ऐन गर्दीच्या दिवशी पोलीस ड्रोन खाली उतरवायला लावतात, किंवा घाटावर कॅमेरा फिरला म्हणून भांडण उभं राहतं. तिसरा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो: चार तासांचं देखणं चित्रण हातात येतं, पण अरुंद बोळात माणसं दाटत होती हे कोणी वेळेवर पाहिलेलंच नसतं.

हे टप्पे देवस्थान, दर्गा, चर्च, गुरुद्वारा, विहार यांच्या समित्यांसाठी आहेत, तसेच उत्सव मंडळं आणि त्यांच्याबरोबर बंदोबस्त आखणारी पोलीस ठाणी यांच्यासाठी. तयारीला दीड महिना धरा. त्याहून कमी वेळ असेल तर यंदा मनोऱ्यांवर आणि गच्च्यांवर कॅमेरे लावा, ड्रोन पुढच्या वर्षी.

## टप्पा १: काय बघायचं आणि काय नाही, ते कागदावर आणा

पहिली बैठक ड्रोनवाल्याशी नको. विश्वस्त, पोलीस ठाण्याचे अधिकारी, शांतता समिती किंवा मोहल्ला कमिटीतले लोक, महिला स्वयंसेवक आणि मिरवणुकीच्या वाटेवर राहणारे रहिवासी, एवढे समोर हवेत. वाटेवर दुसऱ्या धर्माचं प्रार्थनास्थळ असेल तर तिथले जबाबदार लोकही हवेतच. बैठकीतून दोन पानांची टिपणी निघाली पाहिजे. तिच्यात पुढच्या गोष्टी असाव्यात.

हेतू. गर्दीची दाटी, रुग्णवाहिकेची वाट मोकळी आहे का, दर्शनबारीची लांबी, पाण्यात उतरलेली माणसं, आग, लोंबकळणारी वीजतार. "समाजकंटकांवर नजर ठेवणे" असं मोघम वाक्य टाकू नका. त्यात काहीही बसतं, आणि ज्या वस्तीवरून ड्रोन जातो तिला ते आपल्यालाच उद्देशून लिहिलंय असं वाटतं.

न बघायच्या जागा. स्नानाचे घाट, कपडे बदलायचे आडोसे, स्वच्छतागृहं, महिलांची प्रार्थनेची जागा, अंत्यविधी चालू असलेली स्मशानभूमी किंवा कब्रस्तान, घरांच्या खिडक्या. बाईचं खासगी क्षणाचं चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खालचा गुन्हा आहे. "गर्दी बघत होतो" एवढ्याने सुटका होईल असं धरून चालू नका. घाटावरच्या पाण्याची सुरक्षितता बघायचीच असेल तर कॅमेरा नदीपात्रावरून, काठापासून लांबून, झूम न वापरता. बुडणाऱ्यावर लक्ष ठेवायला काठावरचे जीवरक्षकच खरे.

न उडवायच्या वेळा. जमातीची नमाज, मिस्सा, अरदास, बुद्धवंदना, आरती. पालखी सोहळ्यातलं रिंगण हा वेगळाच मामला: घोडा बुजला तर कडेच्या माणसांचं काय होईल ते सांगायला नको. रिंगण चालू असताना ड्रोन जमिनीवर, यात तडजोड नाही.

झूम आणि चेहरे. गैरसमज आणि भांडण दोन्ही इथूनच सुरू होतात, म्हणून हिशेब बैठकीतच मांडा. साध्या रुंद लेन्सचा ड्रोन ६० मीटर उंचीवरून सरळ खाली पाहतो तेव्हा सुमारे ९० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. फोर-के चित्रात आडवे ३,८४० पिक्सेल असतात, म्हणजे एक पिक्सेल जवळपास २.३ सेंटिमीटरचा. माणसाचं डोकं आठ-नऊ पिक्सेलचं दिसतं. डोकी मोजता येतात, चेहरा ओळखता येत नाही. सातपट झूम लावला की तोच पिक्सेल तीन-साडेतीन मिलिमीटरवर येतो आणि कॅमेरा तिरका असेल तर चेहरा ओळखू येतो. म्हणून झूम कोणाच्या हुकमाने लावायचा, त्याची नोंद कुठे करायची, आणि चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर जोडणार की नाही, हे टिपणीत स्पष्ट लिहा. बहुतेक यात्रांना त्याची गरज नसते. गर्दी आवरायला डोकी मोजता आली की पुरे.

गच्च्यांची पाहणी. मिरवणुकीआधी गच्च्यांवर दगड-विटा साठवल्या आहेत का हे पोलीस ड्रोनने पाहतात. नियम एकच ठेवा: वाटेच्या दोन्ही बाजूंची, पहिल्या चौकापासून शेवटच्या चौकापर्यंत प्रत्येक गच्ची, सारख्याच उंचीवरून, सारखाच वेळ. एकाच मोहल्ल्यावर चार घिरट्या आणि बाकी वाटेवर एकही नाही, असं झालं तर दगड सापडो न सापडो, तणाव तुम्हीच तयार केलेला असतो. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या समाजाच्या मिरवणुकीलाही हाच कागद लागू राहील, असं त्याच बैठकीत ठरवून सह्या घ्या.

तपासा: टिपणीवर पोलीस ठाणे, समिती आणि वाटेवरच्या रहिवाशांचे प्रतिनिधी, तिघांच्या सह्या आहेत का? नसतील तर पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

## टप्पा २: आकाश कोणाचं आहे ते पाहा, मगच अर्ज करा

देशभर ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत. त्यातून सूट लष्कर, नौदल आणि हवाई दलाला आहे. "बंदोबस्ताचं काम आहे" म्हणून देवस्थानाला आपोआप कसलीही सूट मिळत नाही.

डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा उघडा आणि आपली जागा नेमकी शोधा.

- हिरवा पट्टा: जमिनीपासून १२० मीटरपर्यंत (४०० फूट) वेगळी हवाई परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या दरम्यान ही मर्यादा ६० मीटर (२०० फूट) होते.
- पिवळा पट्टा: हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते.
- लाल पट्टा: केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही.

नागपूरची दीक्षाभूमी, माहीमचा दर्गा, नांदेडचा सचखंड गुरुद्वारा ही ठिकाणं विमानतळापासून १२ किलोमीटरच्या आत आहेत. मोठ्या गर्दीच्या जागा शहरात असतात आणि शहरांना विमानतळ असतात, त्यामुळे "आपल्याकडे हिरवाच असणार" हा अंदाज फसतो. जवळ लष्करी ठाणं असेल तर तेही पाहा.

हिरवा पट्टा दिसला म्हणजे काम झालं, ही पुढची चूक. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (जुनं कलम १४४) जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त ड्रोनबंदीचा आदेश काढू शकतात. मुंबईत असे आदेश वारंवार निघतात. तो मोडला तर न्याय संहितेचं कलम २२३ लागतं. शिवाय वास्तू पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित असेल तर त्या खात्याची परवानगी आणि जागा अभयारण्यात असेल तर वन खात्याची. भीमाशंकर हे दुसऱ्या प्रकारचं उदाहरण.

अर्जासोबत हे जोडा: टप्पा १ची टिपणी, उड्डाणक्षेत्राचा नकाशा (चार कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांसह), तारीख-वेळ, कमाल उंची, ड्रोनचा युनिक आयडी (नोंदणी) क्रमांक, पायलटच्या प्रमाणपत्राची प्रत, विम्याची प्रत, आणि उड्डाण थांबवण्याचा अधिकार असलेल्या एका माणसाचा मोबाइल क्रमांक. एकच माणूस. तीन नावं दिली की ऐन वेळी तिघेही दुसऱ्याकडे बोट दाखवतात.

सावधान: बाहेरचे ड्रोन येऊ नयेत म्हणून पोलीस अधीक्षक किंवा समकक्ष दर्जाचे अधिकारी एका वेळी जास्तीत जास्त ९६ तासांसाठी तात्पुरता लाल पट्टा जाहीर करू शकतात. उपाय चांगला आहे, पण तुमचा ड्रोनही त्यात अडकतो. आदेश निघण्याआधीच आपल्या ड्रोनचा क्रमांक आणि वेळ त्यात अपवाद म्हणून घालून घ्या.

पोलीस स्वतःचा ड्रोन आणणार असतील तर समितीने दुसरा उडवू नये. चित्र एकाच ठिकाणी दोघांनी बघावं. एकाच आकाशात दोन मालकांचे ड्रोन म्हणजे दोन्ही पायलट एकमेकांना शोधण्यात गुंतलेले.

## टप्पा ३: जमीन मोजा

हे काम टेपने, चालत जाऊन, दोन माणसांनी करायचं आहे. सगळ्यात जास्त टाळलं जाणारं आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडणारं काम हेच.

१. अरुंद जागा शोधा: महाद्वार, पायऱ्यांचं तोंड, पुलाचा चढ, दोन गल्ल्या मिळतात तो कोपरा, चप्पलस्टँड. दाटी मोकळ्या मैदानात फार क्वचित होते; ती रुंद वाट अरुंद होते तिथे होते.

२. अशा प्रत्येक ठिकाणी ५ मीटर × ५ मीटरचा चौकोन चुन्याने किंवा रंगाने आखा. गर्दीत जमिनीवरची रेघ झाकली जाते, म्हणून चारही कोपऱ्यांच्या रेषेत खांबावर किंवा भिंतीवर वरून दिसतील असे रंगीत पत्रे बांधा. चौकोन २५ चौरस मीटरचा. त्यात ७५ डोकी म्हणजे चौरस मीटरला तीन माणसं, १०० म्हणजे चार, १२५ म्हणजे पाच. नियंत्रण कक्षातल्या कोणालाही भागाकार करावा लागू नये, म्हणून हे तीन आकडे मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा.

३. उंच अडथळ्यांची यादी करा: शिखर आणि कळस, मिनार, चर्चचा क्रूस, निशाण साहिब, मोबाइल टॉवर, पाण्याची टाकी, उच्चदाबाच्या तारा, पताकांच्या दोऱ्या. पताकांची दोरी कॅमेऱ्यात दिसत नाही आणि अडथळा ओळखणाऱ्या सेन्सरलाही बहुधा दिसत नाही.

४. डोंगरावरचं देवस्थान असेल तर कड्याला आग्या मोहोळ आहे का, हे गुराख्यांना विचारा. असेल तर त्या बाजूला उड्डाण नाही. माश्या ड्रोनला काही करत नाहीत, खालच्या रांगेवर तुटून पडतात.

५. उड्डाणाची जागा निवडा. गच्ची किंवा कुंपण घातलेलं आवार, किमान १० मीटर मोकळं, भाविकांच्या वाटेबाहेर. पत्र्याचं छप्पर, लोखंडी मंडप, जनरेटर यांच्यापासून लांब. तिथे ड्रोनचा कंपास चुकतो आणि वर गेल्यावर ड्रोन गोल गोल फिरू लागतो.

## टप्पा ४: ड्रोन, माणसं आणि बॅटऱ्या

या कामाला २५० ग्रॅम ते २ किलो वजनाचा, म्हणजे मायक्रो गटातला ड्रोन पुरतो. मोठ्या यात्रेत एका जागी तासन् तास नजर हवी असेल तर जमिनीवरून केबलने वीज मिळणारा बांधीव ड्रोन बरा. तो फिरत नाही, पण उतरतही नाही.

लग्नाचं चित्रीकरण करणाऱ्याला बोलावणं ही सर्रास होणारी चूक. त्याचा हात चांगला असेलही. पण पैसे घेऊन केलेलं उड्डाण व्यावसायिक ठरतं आणि त्याला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२पासून बंदी आहे. त्यामुळे बाजारात फिरणाऱ्या अनेक यंत्रांना नोंदणी क्रमांक नसतो. ड्रोन हातात घ्या, अंगावरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक जुळवून पाहा. तृतीय पक्ष विमा यात्रेच्या तारखेला चालू आहे का, तेही.

माणसं किमान चार. एक पायलट, एक निरीक्षक, जो स्क्रीनकडे न बघता फक्त आकाशातल्या ड्रोनकडे बघतो, एक मोजणीदार, जो चौकोनातली डोकी मोजून वायरलेसवर सांगतो, एक बॅटरी सांभाळणारा. पायलट दोन तासांनी बदला. आयोजकांचा उत्साही नातेवाईक पायलटच्या खांद्यावरून "जरा पालखी दाखव ना" म्हणत असतो. त्याला त्या गच्चीवर येऊच देऊ नका.

बॅटरीचा हिशेब. खोक्यावर ४० मिनिटं लिहिलेली असली तरी वारा, ऊन आणि ३० टक्क्यांवर परत उतरण्याचा नियम धरून हातात २० मिनिटंच येतात. चार तासांना १२ उड्डाणं. एक बॅटरी थंड व्हायला १५ मिनिटं, भरायला ७५. म्हणजे ती ९० मिनिटांनी पुन्हा तयार. २० मिनिटं वापर आणि ९० मिनिटं विश्रांती या चक्राला किमान ६ बॅटऱ्या लागतात, दोन राखीव धरून ८. एकाच वेळी चार चार्जर चालतील एवढी वीज गच्चीवर हवी. लाइट गेल्यावर काय, याचं उत्तर छोटा जनरेटर, आणि तो कंपास बिघडणार नाही इतका लांब. आकाशात खंड नको असेल तर ड्रोन दोन: दुसरा वर पोचल्यावरच पहिला खाली.

तपासा: उतरवलेली बॅटरी हाताला चटका देत असेल तर लगेच चार्जरला लावू नका. फुगलेली बॅटरी वाळूच्या बादलीत, बाजूला.

## टप्पा ५: तालीम, त्याच वेळी आणि त्याच जागी

यात्रेच्या आठवडाभर आधी, ज्या वेळेला खरं उड्डाण आहे त्याच वेळेला तालीम करा. सकाळी केलेली तालीम संध्याकाळच्या उड्डाणाला कामाची नाही. मावळतीला सूर्य थेट लेन्समध्ये येतो, घारी घिरट्या घालतात आणि अंगावरही येतात, वाऱ्याची दिशा बदलते.

तालमीत चार गोष्टी पक्क्या करा.

परतीची उंची. संपर्क तुटला तर ड्रोन स्वतःहून उडाल्या जागी परततो. ती उंची परिसरातल्या सर्वांत उंच अडथळ्याच्या किमान २० मीटर वर ठेवा, मात्र परवानगीच्या मर्यादेत. कारखान्यातून आलेला आकडा तसाच ठेवला तर ड्रोन शिखरावर आदळू शकतो.

होम पॉइंट, म्हणजे संपर्क तुटल्यावर ड्रोन जिथे परततो ती नोंदवलेली जागा. मिरवणुकीत ही चूक महागात पडते. ड्रोन चौकातून उडवला, मिरवणुकीबरोबर पायलट अर्धा किलोमीटर पुढे चालत गेला, आणि तेवढ्यात संपर्क तुटला. ड्रोन मागच्या चौकात उतरायला जातो, आणि आता तिथे पाऊल ठेवायला जागा नसते. उपाय: पायलटने चालायचं नाही. वाटेवर दोन-तीन गच्च्या ठरवा, एका गच्चीवरून जेवढं दिसतं तेवढंच उडा, उतरवा, पुढच्या गच्चीवर जा, होम पॉइंट नव्याने नोंदवा.

गर्दीपासूनचं अंतर. जेवढी उंची, तेवढंच आडवं अंतर. ६० मीटरवर असाल तर गर्दीच्या कडेपासून ६० मीटर बाजूला राहून कॅमेरा ४५ अंश तिरका ठेवा. ६० मीटरवरून बंद पडलेला ड्रोन, हवेचा विरोध सोडला तर, साडेतीन सेकंदांत जमिनीवर येतो. सेकंदाला १० मीटरने जात असेल तर तेवढ्यात ३५ मीटर पुढे जातो. "फक्त एक मिनिट वरून जाऊ" म्हणताना हे ३५ मीटर आठवा. चौकोन तिरका दिसतो म्हणून मोजणी अडत नाही. कोपऱ्यावरचे पत्रे त्यासाठीच बांधले आहेत. मागची डोकी पुढच्यांआड जातात, म्हणून तिरक्या चित्रातला आकडा कमी येतो हे मात्र मोजणीदाराला माहीत हवं. ९० मोजली तर १०० धरा.

चित्र कक्षापर्यंत पोचतं का. तालमीला मोबाइल नेटवर्क छान चालतं. यात्रेच्या दिवशी लाखभर फोन एकाच टॉवरला लागतात आणि थेट प्रक्षेपण गोठतं. नियंत्रण कक्ष गच्चीच्या खालच्याच खोलीत ठेवा आणि रिमोटमधून केबलने स्क्रीन जोडा. आकडे वायरलेसवर सांगा, व्हॉट्सॲपवर नको.

## टप्पा ६: लोकांना आधी सांगा

२०२४च्या पावसाळ्यात मराठवाड्यात रात्री दिसणाऱ्या ड्रोनांवरून गावोगाव अफवा पसरल्या होत्या. न सांगता उडवलेला ड्रोन असाच वाचला जातो: चोर, हेर, नाहीतर "आपल्यावर पाळत". तीन दिवस आधीपासून मंदिराच्या, मशिदीच्या, चर्चच्या ध्वनिक्षेपकावरून आणि फलकांवर सांगा: कोण उडवणार, किती ते किती वाजता, कशासाठी, कुठे नाही, चित्रण किती दिवस ठेवणार, तक्रार कोणाकडे. वाटेवरच्या भाषा बघून मराठी, हिंदी, उर्दू अशा सगळ्यांत. ही सूचना त्या-त्या समाजातल्या परिचित माणसाच्या तोंडून गेली तर ऐकली जाते.

## टप्पा ७: उड्डाणाचा दिवस

सकाळी आणि प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला:

- डिजिटल स्कायचा नकाशा पुन्हा उघडा. काल हिरवं असलेलं आज तात्पुरतं लाल झालेलं असू शकतं.
- वाऱ्याचे झोत सेकंदाला ८ मीटरच्या वर (ताशी सुमारे २९ किलोमीटर) असतील तर थांबा. यंत्र सहन करेल, पण बॅटरी अर्ध्यात संपेल.
- पाऊस: यंत्र पाण्यासाठी बनवलेलं नसेल तर आषाढात "थोडी रिमझिम आहे" हे कारण चालत नाही.
- पंख्यांना चीर, सैल स्क्रू, मोटर हाताने फिरवून खरखर.
- व्हीआयपी येणार आहेत का? ताफ्यात जॅमर असेल तर तुमचा संपर्क तुटणार. ताफा येण्याच्या अर्धा तास आधी ड्रोन खाली.

भंडारा आणि गुलाल यांच्याबद्दल थोडं जास्त. जेजुरीचा भंडारा असो की जोतिबाचा गुलाल, ही पूड वाऱ्यावर दहा-पंधरा मीटर सहज चढते. मोटरच्या बेअरिंगमध्ये आणि थंड हवेच्या झरोक्यांत ती बसली की आवाज आधी बदलतो, मग ताप वाढतो, मग ड्रोन एका बाजूला झुकू लागतो. वाऱ्याच्या वरच्या बाजूला राहा, उधळण चालू असताना उंची कमी करू नका, आणि प्रत्येक उड्डाणानंतर मऊ ब्रशने मोटर झाडा. फुंकर मारू नका. पूड आत जाते. मिरवणुकीतल्या लेझरच्या झोताने कॅमेऱ्याचा सेन्सर कायमचा जळू शकतो, म्हणून लेझर दिसला की कॅमेरा वळवा.

सावधान: बंदोबस्ताच्या ड्रोनला पुष्पवृष्टी करायला लावू नका. वजन वाढतं हा भाग वेगळाच. फुलं पडतात तिथे लोक धावतात, आणि जी दाटी टाळायला ड्रोन आणला तीच तो तयार करतो.

## टप्पा ८: आकडा आला की कोणी काय करायचं

ड्रोन गर्दी थांबवत नाही, माणसं थांबवतात. म्हणून प्रत्येक आकड्याला एक कृती आणि एक नाव जोडा.

- ७५ डोकी: दर पाच मिनिटांनी मोजणी. बाहेर पडायच्या वाटेवरचे स्टॉल, वाहनं हटवा.
- १०० डोकी: मागचा प्रवाह थांबवा. चौकोनापाशी नव्हे, दोनशे मीटर मागे, जिथे वाट रुंद आहे. दाटीच्या तोंडाशी दोर लावला तर मागचे पुढच्यांवर रेटतात आणि दाब वाढतो.
- १२५ डोकी: बाहेरची सगळी दारं उघडा, दर्शन थांबवा, ढोल-डीजे बंद, रुग्णवाहिका सज्ज.

आकड्याच्या आधीही काही खुणा दिसतात. गर्दी लाटेसारखी हेलकावे खाऊ लागते, माणसं हात वर काढतात, मुलं डोक्यावरून पुढे सरकवली जातात, कठडे चढले जातात. यातलं काहीही दिसलं तर मोजत बसू नका, थेट तिसरी कृती.

ड्रोनला स्पीकर असेल तर बोलायची वाक्यं आधी लिहून ठेवा. "मागच्या भाविकांनी जागेवर थांबा, पुढे वाट मोकळी होत आहे." "पळू नका" असं म्हणू नका, गोंगाटात "पळा" एवढंच ऐकू येतं.

## टप्पा ९: अनोळखी ड्रोन दिसला तर

दगड, गोफण, पतंगाचा मांजा यांतलं काही नको. पडलेला ड्रोन गर्दीवरच पडतो. खासगी संस्थेने जॅमर घेणं किंवा वापरणं बेकायदा आहे, ऑनलाइन कितीही सहज मिळत असला तरी. निरीक्षकाने त्याची दिशा, वेळ, उंची टिपावी, मोबाइलवर फोटो काढावा, आपला ड्रोन खाली आणावा आणि पोलिसांना कळवावं. लहान ड्रोनची बॅटरी अर्ध्या तासाच्या आसपास संपते आणि तो उडवणाऱ्याकडेच परततो. दोन स्वयंसेवक त्या दिशेने पाठवले तर माणूस सापडतो. त्याच्या कपड्यांवरून किंवा आडनावावरून निष्कर्ष काढून माइकवर काही बोलू नका. बहुतेक वेळा तो रील बनवणारा पोरगा निघतो.

## टप्पा १०: चित्रण, पुरावा आणि पुसणं

फोर-के चित्रण सेकंदाला १०० मेगाबिटने होत असेल तर तासाला ४५ जीबी, चार तासांना १८० जीबी जागा लागते. दर उड्डाणाला वेगळं कार्ड, कार्डावर क्रमांक, आणि वहीत उड्डाणाची वेळ, पायलट, झूम वापरला का व कोणाच्या हुकमाने.

गुन्हा घडला आणि पोलिसांनी चित्रण मागितलं तर घाईत व्हॉट्सॲपवर पाठवायचा मोह होतो. तिथे फाइल दाबली जाते आणि मूळ फाइलशी जुळत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं, त्याच्या नमुन्यात फाइलची हॅश किंमत (संगणकाने फाइलमधून काढलेला, फाइल जराही बदलली तर बदलणारा सांकेतिक क्रमांक) भरावी लागते. क्रम असा: कार्ड अडॅप्टरमध्ये घालून त्याचं लॉक सरकवा, संगणकावर मूळ फाइलची एसएचए-२५६ हॅश काढा, लिहून ठेवा, मग प्रत करा, प्रतीची हॅश जुळते का पाहा, कार्ड लिफाफ्यात बंद करून पंचांसमोर द्या, पोच घ्या. प्रमाणपत्राचा पहिला भाग उपकरण ज्याच्या ताब्यात होतं त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. अर्धवट तुकडा कापून देऊ नका. आधीची आणि नंतरची मिनिटं नसलेलं चित्रण न्यायालयात प्रश्न ओढवून घेतं आणि गावात अफवा.

मागणी आली नाही तर ३० दिवसांनी सगळं पुसा. ही मुदत टप्पा १च्या टिपणीत आणि फलकावर लिहिलेलीच असली पाहिजे. पुसताना समितीचा एक, पोलीस ठाण्याचा एक आणि रहिवाशांचा एक माणूस समोर हवा, वहीत तिघांच्या सह्या. पायलटच्या फोनमधली आणि रिमोटमधली प्रत इथे हटकून विसरली जाते. ती अॅपच्या गॅलरीत आपोआप साठलेली असते. तीही त्याच बैठकीत उघडून पुसा.

ड्रोन कोसळून अपघात झाला असेल तर पायलटने ४८ तासांच्या आत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला ऑनलाइन कळवायचं आहे. तोवर तुटलेले भाग जसेच्या तसे ठेवा, आणि विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी द्या.